माझा लाडका शेअर

ऑडिटरचा राजीनामा शुक्रवारी संध्याकाळीच का येतो, कोण जाणे. माझ्याकडे तरी तो तसाच आला. सव्वासहा वाजले होते, हिंजवडीहून सुटणारी ऑफिसची बस पकडायची म्हणून मी लॅपटॉप बॅगेत कोंबत होते आणि मोबाइल टुंग वाजला. एक्स्चेंजवर माझ्या कंपनीची घोषणा. वैधानिक लेखापरीक्षकांनी राजीनामा दिला आहे. कारण काय, तर मागितलेली माहिती व्यवस्थापनाकडून वेळेत मिळाली नाही. बस्स, दोन ओळी!

‘माझ्या कंपनीची’ म्हटलं, पण नोकरी करते ती कंपनी नव्हे. जिचे २,४५० शेअर्स माझ्या डीमॅटमध्ये होते, ती. वाकड येईपर्यंत त्या दोन ओळी मी किमान वीस वेळा वाचल्या असतील. घरी नवरा कुकर लावत होता. त्यानं माझा चेहरा पाहून विचारलं, ‘‘काय झालं गं?’’

‘‘काही नाही. एका शेअरची जरा बातमी आहे.’’

‘‘आपले किती आहेत त्यात?’’

‘‘थोडे.’’

हे ‘थोडे’ म्हणजे पाच लाख वीस हजार रुपये होते. आठ लाखांपैकी. आणि ते आठ लाख होते आमच्या फ्लॅटच्या डाऊन पेमेंटचे. (फ्लॅटचे पैसे शेअरबाजारात ठेवायचेच नसतात, हे मला आता कळतं. तेव्हाही कळत होतं. असो.)

सोमवारी सकाळी नऊ वाजता मी सगळे शेअर्स विकायला टाकले. शुक्रवारचा भाव होता १६५. बाजार उघडताक्षणी पाच टक्के लोअर सर्किट. लोअर सर्किट म्हणजे काय, हे पुस्तकात वाचून कळत नाही, अनुभवावंच लागतं. विकणारे लाखो, घेणारा शून्य. एक्स्चेंजनं ठरवलेल्या मर्यादेखाली भाव त्या दिवशी जाऊ शकत नाही आणि त्या भावाला कुणी घ्यायला तयार नसतं. तुमची ऑर्डर रांगेत उभी. मंगळवारी पुन्हा तेच, बुधवारी पुन्हा तेच. सकाळी नऊला ऑर्डर टाकायची, साडेतीनला ती रद्द होऊन परत यायची. चौथ्या दिवशी मी नवऱ्याला खरं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, ‘‘थोडे म्हणजे एवढे?’’ आणि उठून बाल्कनीत गेला.

नऊ दिवसांनी सर्किट सुटलं, तेव्हा भाव १०४ वर आला होता. तरीही मी दोन दिवस थांबले. आता उसळी येईल, निदान सव्वाशेला तरी विकू, वगैरे वगैरे. शेवटी ७८ ला विकले. एक लाख एक्क्याण्णव हजार हातात आले.

तुम्ही म्हणाल, कुणाच्या तरी टिपवर घेतला असणार. इथेच तर गंमत आहे. अजिबात नाही! मी पक्की व्हॅल्यू इन्व्हेस्टर होते. टिपा घेणाऱ्या मंडळींकडे कॅन्टीनमध्ये जरा कीव आल्यासारखं बघायचे. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी ही छोटी कंपनी मी स्वतः हुडकून काढली होती. पीई सहा. भाव बुक व्हॅल्यूपेक्षा कमी. बारा वर्षं न चुकता डिव्हिडंड. पाच वर्षांचे वार्षिक अहवाल प्रिंट काढून, हायलायटर मारून वाचले होते. एका रविवारी नवऱ्याला लाँग ड्राइव्हच्या नावाखाली एमआयडीसीत घेऊन गेले आणि कंपनीच्या गेटवर वॉचमनला विचारलं, काम कसं काय चाललंय? ‘‘तीन शिफ्ट चालू आहेत ताई,’’ तो म्हणाला. मी हवेत!

पहिली खरेदी २४० ला. भाव २०० वर आला, तेव्हा वाटलं, वा, आणखी स्वस्त! आणखी घेतले. १८० ला पुन्हा. सरासरी २१२ पडली. लॅपटॉपवर वॉरन बफेटचा फोटो होताच. डायव्हर्सिफिकेशन हे अज्ञानापासूनचं संरक्षण आहे, आपण काय करतोय हे ज्याला कळतं त्याला त्याचा फारसा उपयोग नाही, अशा अर्थाचं ते बोलले आहेत. मला ते जाम आवडलं होतं. कारण मी स्वतःला अज्ञानी समजत नव्हते. मुद्दलात घोळ तिथेच होता.

आणि बफेटनी नुसतं बोलून दाखवलं नाही, करून दाखवलं. १९६३ मध्ये सॅलड ऑइलच्या घोटाळ्यात अमेरिकन एक्स्प्रेस सापडली, शेअर आपटला, तेव्हा त्यांनी पुढच्या काळात आपल्या पार्टनरशिपचा ४० टक्क्यांपर्यंत पैसा त्या एका शेअरमध्ये घातला आणि बक्कळ कमावलं. त्यांचे जोडीदार चार्ली मंगर तर याबाबतीत आणखी कट्टर. मोजक्या कंपन्या आणि त्यात घट्ट मांडी. पण मंगर यांच्या स्वतःच्या पार्टनरशिपचा तक्ता मी नंतर पाहिला. १९७३ मध्ये उणे ३१.९ टक्के, १९७४ मध्ये उणे ३१.५. म्हणजे दोन वर्षांत शंभराचे सत्तेचाळीस. अमेरिकेचा डाऊ जोन्सही तेव्हा पडला होता, पण इतका नाही. १९७५ मध्ये ते ७३ टक्के वर आले. ते आले, कारण ते टिकले. माझ्याकडे टिकायला काय होतं? महिन्याचा पगार आणि बिल्डरनं दिलेली तारीख.

आमच्या पंथाचे मूळपुरुष म्हणजे बेंजामिन ग्रॅहम. त्यांचं ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ १९४९ मध्ये आलं. त्यातली आठवं आणि विसावं ही दोन प्रकरणं तर आवर्जून वाचा, असं बफेटनीच प्रस्तावनेत सांगून ठेवलंय. मी आठवं वाचलं होतं. विसावं अर्धं. त्या प्रकरणात ‘मार्जिन ऑफ सेफ्टी’ आहे, म्हणजे शंभराची वस्तू साठ-पासष्टला मिळाली तरच घ्या, अंदाज थोडा चुकला तरी जीव वाचतो. हा फंडा क्लिअर झाला आणि मी पुस्तक मिटलं. राजीनामा प्रकरणानंतर पुन्हा उघडलं तर पुढच्याच पानांत ग्रॅहमबाबा सांगत होते की, मार्जिन असलं तरी एखादा शेअर दगा देऊ शकतो. मार्जिन म्हणजे फायद्याची शक्यता तोट्यापेक्षा जास्त, एवढंच. तोटा होणारच नाही, असं नव्हे. असे बरेच शेअर्स घेतले तरच एकूण हिशेब तुमच्या बाजूनं झुकतो. विमा कंपनीसारखं. ती एकाच माणसाचा विमा काढून धंदा करत नाही ना! सावध गुंतवणूकदारासाठी त्यांनी आकडाही दिलाय, कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ३० कंपन्या.

म्हणजे मी ज्या धर्माच्या नावानं एकाच शेअरवर बसले होते, त्या धर्मग्रंथातच उलटं लिहिलं होतं.

आता मी चूक नेमकी कुठे केली? अहवालात येणी वाढत चालली होती, म्हणजे उधारीवर माल जात होता आणि पैसे येत नव्हते. हे मला दिसलं नव्हतं का? दिसलं होतं. पान ८४ वर मीच पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलेलं आहे. पण तेव्हा माझे साडेतीन लाख त्यात गेले होते आणि साडेतीन लाख अडकलेल्या माणसाला प्रश्नचिन्ह आवडत नाही. प्रमोटरनं स्वतःचे शेअर्स गहाण ठेवल्याचं तिमाही आकड्यांत आलं, तेव्हा मी म्हटलं, विस्तारासाठी पैसा लागत असेल. भाव पडला की ‘सेल लागलाय’. पैसे एकाच ठिकाणी गोळा झाले की आपण त्या कंपनीचे अभ्यासक राहत नाही, वधूपक्ष होतो. हजार रुपये असते, तर त्या प्रश्नचिन्हावर मी केव्हाच विकून मोकळी झाले असते.

शिवाय काही गोष्टी अभ्यासानं कळतच नाहीत. ७ जानेवारी २००९ ला सत्यमच्या रामलिंग राजूंचं पत्र बाहेर आलं, तेव्हा मी बारावीत होते. ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटींची रोकड अस्तित्वातच नव्हती. त्याआधी काही महिनेच कंपनीला उत्तम कारभाराचं पारितोषिक मिळालेलं! एका दिवसात शेअरचा पाऊण भाव गेला. कुठल्या हायलायटरनं ते आधी सापडलं असतं, सांगा. सेन्सेक्सही त्या दिवशी सात टक्क्यांहून जास्त पडला, हे खरं. पण सेन्सेक्स नंतर वर आला. ज्यांचं सगळं सत्यममध्ये होतं, त्यांचं आलं नाही.

इथपर्यंतचा धडा कुणीही देईल, सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नका. माझ्या सासूबाईंनीही दिला. पण मला खरं काही कळलं, ते डोंबिवलीला मामाकडे.

मामा बँकेतून निवृत्त झालाय. दिवाळीत गेले होते तेव्हा मामी म्हणाली, ‘‘अगं, याचे ते शेअर्स जरा बघ. नॉमिनी लावलेत की नाही कुणास ठाऊक, उद्या मी कुठे धावू?’’ मामानं गोदरेजच्या कपाटातून एक जाडजूड डायरी काढली. १९७८ पासूनची. कागदी सर्टिफिकेट्सचा जमाना गेला, तेव्हा त्यानं जमतील तेवढे शेअर्स डीमॅट केले होते, पण हिशेब अजून डायरीतच. मी लॅपटॉप उघडला आणि सगळं एक्सेलमध्ये टाकायला बसले. चिवड्याची बशी आणि ४३ कंपन्या!

खरेदी बघितली तर दोन हजार, तीन हजार, फार तर पाच हजार. पगारातून सुटले तेवढे. सगळीकडे साधारण सारखेच. संध्याकाळी साडेसातला मी ‘आजची किंमत’ या रकान्यावर सॉर्ट केलं आणि बघतच राहिले.

४३ पैकी ९ कंपन्या जगातच नाहीत. नव्वदच्या दशकात आयपीओचा पूर आला होता, त्यात आल्या आणि पैसे घेऊन पसार झाल्या. तळाच्या २३ कंपन्यांची किंमत मिळून एकूण रकमेच्या ९ टक्के. मधल्या ८ कंपन्या ३० टक्के. आणि वरच्या फक्त तीन? ६१ टक्के! एकूण आकडा सांगत नाही, मामीच्या मैत्रिणी हे पान वाचतात. पण त्या आकड्यापुढे माझं पॅकेज म्हणजे चिवड्यातला शेंगदाणा.

त्या तिघांत एक होती कोलगेट. १९७३ च्या फेरा कायद्यामुळे परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा कमी करून भारतीयांना शेअर्स विकावे लागले होते, त्या काळातली.

‘‘मामा, ही तू कशी निवडलीस?’’

‘‘निवडली कुठे? ब्रँचमध्ये सगळ्यांनी फॉर्म भरले, मीही भरला. लागले.’’

‘‘आणि विकली नाहीस का कधी?’’

‘‘कशाला? डिव्हिडंड येत होता की. आणि तुला सांगू, मला वाटायचं मोठी होईल ती दुसरीच.’’ त्यानं डायरीत बोट ठेवलं, तर ते बुडालेल्या नऊपैकी एका नावावर. ‘‘हिच्यावर माझा फार विश्वास होता.’’

मी तिथेच थांबले. मामाची लाडकी कंपनी बुडाली आणि सहज म्हणून आलेली कपाटात पडून राहिली आणि वाढली. त्याचा सगळा विश्वास एकीवरच टाकायला त्याच्याकडे पैसेच नव्हते, हे त्याचं नशीब.

पुण्याला परत येताना डेक्कन क्वीनमध्ये मला माझी दुसरी चूक आठवली. ती मी नवऱ्याला आजवर सांगितलेली नाही. (आता कळेलच.) माझ्या उरलेल्या दोन लाख ऐंशी हजारांत नऊ शेअर्स होते. त्यातला एक मी २८ हजारांना घेतला होता, टीममधला मित्र म्हणाला म्हणून. अभ्यास शून्य. तो ४४ हजार झाला, तेव्हा मी विकून टाकला. का? तर लाडक्या शेअरची १८० ची खरेदी करायला पैसे हवे होते! आज ते २८ हजार पावणेदोन लाख झाले असते. लोअर सर्किटमध्ये गेलेले पैसे सगळ्यांना दिसतात. हे गेलेले कुठल्या स्टेटमेंटमध्ये दिसत नाहीत. मी तर हे मरेपर्यंत विसरणार नाही.

हे फक्त मामाच्या डायरीत घडतं असंही नाही. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचे प्राध्यापक हेंड्रिक बेसेम्बाइंडर यांनी १९२६ ते २०१६ या काळातल्या अमेरिकेतल्या सगळ्या शेअर्सचा हिशेब मांडला. त्यांचा पेपर २०१८ मध्ये आला. निम्म्याहून जास्त शेअर्सनी आपल्या आयुष्यात सरकारी ट्रेझरी बिलांइतकाही परतावा दिला नाही. आणि बाजारानं त्या बिलांच्या वर जी काही संपत्ती निर्माण केली, ती सगळी जेमतेम चार टक्के कंपन्यांनी. म्हणजे तुम्ही डोळे मिटून एकच शेअर उचलला, तर तो बहुधा रद्दड निघणार. आणि डोळे उघडे ठेवून उचलला तरी ते चार टक्के आधी ओळखता येतील, याची खात्री कुणी द्यावी?

मी आजवर समजत होते की डायव्हर्सिफिकेशन म्हणजे भित्र्यांचं काम. नुकसान कमी व्हावं म्हणून घेतलेली छत्री. मामाच्या डायरीत ते उलटंच होतं. ४३ दारं उघडी ठेवली, म्हणून लक्ष्मी तिनातून आत आली. ती कुठल्या तिनातून येणार, हे मामाला ठाऊक नव्हतं.

खुद्द ग्रॅहम यांची कथा तर कहरच आहे. त्यांच्या फंडात शंभराहून जास्त शेअर्स असायचे. १९४८ मध्ये मात्र त्यांनी गायको या विमा कंपनीचा अर्धा हिस्सा घेतला, फंडाचा जवळजवळ पाचवा भाग घालून. स्वतःचाच नियम मोडून! आणि त्या एका खरेदीनं वीस वर्षांतल्या बाकीच्या सगळ्या खरेद्या मिळून झाला, त्याहून जास्त नफा दिला. हे त्यांनीच पुस्तकाच्या शेवटी लिहून ठेवलंय. एकाच शेअरवर पैसे लावणारे हे उदाहरण छाती फुगवून देतात. पण तोही पाचवा भाग होता हो, माझ्यासारखा दोन तृतीयांश नव्हे. आणि तीच गायको १९७६ मध्ये बुडता बुडता वाचली. त्यांचे शिष्य वॉल्टर श्लॉस यांच्याकडे तर १९८४ मध्ये शंभरावर कंपन्या होत्या आणि त्यांचा परतावा बफेटनी एका भाषणात मुद्दाम मिरवला होता. म्हणजे एकाच गुरूचे दोन चेले, एक मोजक्या शेअर्सवाला आणि एक शंभरवाला. दोघेही जिंकले. मग मी कुणासारखी? प्रामाणिक उत्तर दिलं तर दोघांसारखीही नाही. बफेटनी आपल्या पश्चात पत्नीसाठी ठेवायच्या पैशांबद्दल काय सुचवलंय, माहितीये? ९० टक्के इंडेक्स फंड आणि १० टक्के सरकारी रोखे. बायकोला अमेरिकन एक्स्प्रेस नाही सुचवली!

आता डायव्हर्सिफिकेशनच्या नावाखाली जी धमाल चालते, तीही सांगते. आमच्या टीममधल्या एकीकडे सात म्युच्युअल फंड आहेत. सातही लार्ज कॅप. आत उघडून बघितलं तर सगळीकडे त्याच मोठ्या बँका आणि त्याच आयटी कंपन्या. सात डब्यांत एकच भाजी. हसले मी, पण माझ्या नऊ शेअर्सपैकीही चार गाड्यांचेच पार्ट्स बनवणारे होते. वाहन उद्योगाला सर्दी झाली की माझ्या अख्ख्या घराला ताप.

सध्या फ्लॅटचे पैसे वेगळे, एफडीत, आणि त्यावर नवऱ्याचा पहारा. ताबा मिळायचा होता त्यावेळी आम्ही भाड्याच्या घराचा करार पुन्हा केला. उरलेल्या बचतीतला सत्तर टक्के हिस्सा निफ्टीच्या इंडेक्स फंडात जातो, दर महिन्याच्या पाच तारखेला. तसं पाहिलं तर निफ्टी म्हणजे मामाची डायरीच. पन्नास नावं. वाढेल तिचं वजन आपोआप वाढतं, खंगेल ती वर्षातून दोनदा होणाऱ्या तपासणीत बाहेर. सत्यमलाही २००९ च्या जानेवारीतच बाहेर काढलं होतं.

मग सगळंच तिथे का टाकत नाही, असं नवरा विचारतो. उरलेल्या तीस टक्क्यांत माझे बावीस शेअर्स आहेत. प्रत्येकात घालताना पाच टक्क्यांच्या वर नाही. अहवाल अजूनही प्रिंट काढून वाचते, कारण मला ते आवडतं आणि कुठली घ्यायची नाही, हे त्यातून बऱ्यापैकी कळतं. किती घ्यायची हे अहवाल सांगत नाही. त्यासाठी पाच टक्के. त्यातला एक शेअर वाढत वाढत अकरा टक्क्यांवर गेलाय. रोज हात शिवशिवतो, विकू का, विकू का? मामाला फोन केला, तर म्हणाला, ‘‘कपाटाची किल्ली हरवली असं समज.’’

तोट्याचं एक बरं असतं. सीएनं सांगितलं की तो आठ वर्षं पुढे नेता येतो, नफ्यातून वजा करायला. त्यामुळे माझा लाडका शेअर दर जुलैत रिटर्न भरताना न चुकता भेटतो.

आणि एकदा एजीएमला भेटतो. विकताना मी २,४४९ विकले होते. एक ठेवलाय. आता एजीएमला हॉलवर जावं लागत नाही, व्हिडिओवर बसता येतं. यंदा ती नेमकी लंच टाइमला आली. मीटिंग रूम बुक केली, डबा उघडला, हेडफोन लावला. बोलायचं तर आधी नाव नोंदवावं लागतं, ते मी नोंदवलं होतं. माझ्या आधी एका आजोबांनी अध्यक्षांचं अभिनंदन करून फॅक्टरी व्हिजिट कधी ठेवणार, असं विचारलं. मग माझं नाव पुकारलं गेलं. मी पोळीचा घास गिळला, माइक सुरू केला आणि पान ८४ वरचा प्रश्न विचारला. येणी वाढत होती ती कुणाकडून, आणि किती वसूल झाली?

पलीकडे जरा कागदांची खसखस ऐकू आली. ‘‘मॅडम, आपला प्रश्न नोंदवून घेतला आहे,’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘पुढचे शेअरहोल्डर, प्लीज.’’